दोन मीटर केबलचा बाऊ नको, हिशेब करा

ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारे यंत्र, बसवायची वेळ आली की हँगरमध्ये एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. यंत्र चांगल्यातले चांगले घेतलेले असते, बॅटरी नवी असते, अँटेनाची जागाही ठरलेली असते. प्रश्न उरतो तो यंत्र आणि अँटेना यांना जोडणाऱ्या केबलचा, आणि त्यावर कोणीतरी अनुभवी माणूस निर्वाळा देतो : ‘‘अंतर ते केवढे? दोन-तीन मीटर. रेडिओच्या कामातली आरजी ५८ उरली आहे ना, तीच ओढा. एवढ्याशा वायरीचा बाऊ कशाला?’’ समोरचा माणूस नवखा असेल तर मान डोलावतो आणि केबल ओढली जाते. एकदा सीटखालून, कंट्रोलच्या दांड्यांच्या कडेने, चाकाच्या खोबणीमागून ती गेली, की पुढची कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी बघत नाही.

हा सल्ला चुकीचा आहे. तो देणारी माणसे अडाणी किंवा बेफिकीर नसतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश असतो, आणि म्हणूनच त्याचा नीट प्रतिवाद करायला हवा.

आधी त्यांचे जे बरोबर आहे ते मान्य करू. ग्लायडर लहान असते. मोठ्या विमानात अँटेनाची केबल शेपटीपर्यंत जाऊ शकते, तसे इथे नाही. आरजी ५८ ही काही टाकाऊ केबल नाही. ५० ओहमची ही केबल अनेक दशके विमानांच्या व्हीएचएफ रेडिओला जोडली गेली आहे आणि तिथे ती चोख काम करते. अशी केबल लावलेला ट्रान्सपाँडर जमिनीवरच्या रडारला बहुतेक दिवशी दिसतो, हेही खरे. सगळा वाद ‘बहुतेक दिवशी’ या दोन शब्दांचा आहे.

व्हीएचएफ रेडिओ साधारण १२० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. ट्रान्सपाँडरला प्रश्न येतो १,०३० मेगाहर्ट्झवर आणि त्याचे उत्तर जाते १,०९० मेगाहर्ट्झवर. वारंवारता नऊपट झाली की तीच केबल तीच राहत नाही. तांब्यातला प्रवाह पृष्ठभागाकडे सरकतो, मधले इन्सुलेशन जास्त ऊर्जा खाते, आणि रेडिओच्या कामात नगण्य असलेला लॉस, म्हणजे केबलमध्ये वाया जाणारी शक्ती, इथे मोजण्याजोगा होतो. आरजी ५८ चा लॉस या वारंवारतेला मीटरमागे ०.६ ते ०.७ डेसिबल धरावा लागतो. तेव्हा ‘रेडिओला चालली, इथेही चालेल’ हा पहिला आधार पायालाच निसटतो.

आता आकडे मांडू, कारण हा प्रश्न मतांचा नाही. ग्लायडरवाल्यांत लोकप्रिय असलेल्या ट्रिग टीटी २१ सारख्या क्लास २ ट्रान्सपाँडरची शक्ती त्याच्या कनेक्टरपाशी सुमारे १३० वॅट असते. मानकाची अपेक्षा अशी, की अँटेनाच्या टोकाशी निदान १८.५ डेसिबल-वॅट, म्हणजे ७० वॅट पोचावेत. दोन्हींतले अंतर अवघे पावणेतीन डेसिबलपेक्षाही कमी. त्यात केबल, दोन्ही टोकांचे कनेक्टर, वर्षांनुवर्षांचा गंज आणि यंत्राचे वय एवढे सगळे बसवायचे. म्हणूनच यंत्रांच्या पुस्तिका केबलसाठी साधारण दीड ते दोन डेसिबलचीच मुभा देतात.

तीन मीटर आरजी ५८ घ्या. मीटरमागे ०.६५ प्रमाणे १.९५ डेसिबल, दोन कनेक्टरांचे मिळून पाव डेसिबल, एकूण २.२. १३० वॅटपैकी अँटेनापर्यंत पोचतात ७८. नियमात बसले, पण पुस्तिकेची मुभा ओलांडली आणि राखीव जवळजवळ संपले. केबल सरळ रेषेत जात नाही. स्टिकच्या यंत्रणेला वळसा, चाकाच्या खोबणीला वळसा, पॅनल उचलता यावे म्हणून ठेवलेला लूप. बघता बघता तीनाचे चार मीटर होतात. मग लॉस २.८५ डेसिबलवर जातो आणि अँटेनाला मिळतात ६७ वॅट. ‘दोन-तीन मीटर तर अंतर’ म्हणणाऱ्यांनी हे अंतर टेपने, केबलच्या खऱ्या वाटेने मोजलेले नसते.

इथे दुसरा युक्तिवाद येतो : ‘‘मग जास्त वॅटचे यंत्र घ्या. लॉस भरून निघेल.’’ वरवर हे पटते. टीटी २२ सारखे क्लास १ चे यंत्र सुमारे २५० वॅट देते. पण क्लास १ ची जबाबदारीही मोठी असते. पंधरा हजार फुटांच्या वर उडायचे तर क्लास १ लागतो, आणि त्याच्याकडून अँटेनाशी किमान १२५ वॅटची अपेक्षा असते. २५० आणि १२५ यांतले अंतर तीन डेसिबल. म्हणजे शक्ती दुप्पट झाली तरी केबलला मिळणारी मोकळीक जवळपास तेवढीच राहिली. सिएरा नेवाडा डोंगरांवरच्या हवेच्या लहरींवर स्वार होणाऱ्या ग्लायडरना पंधरा हजार फूट ही फार मोठी उंची नव्हे. तिथे क्लास १ ही गरज आहे, निकृष्ट केबलची भरपाई नव्हे.

शिवाय जास्त वॅट फक्त बोलताना उपयोगी पडतात, ऐकताना नाही. केबलचा लॉस दोनदा वसूल होतो : प्रश्न आत येताना एकदा, उत्तर बाहेर जाताना पुन्हा. मोड एस ट्रान्सपाँडरने उणे ७४ डीबीएम, अधिक-उणे तीन, एवढ्या क्षीण प्रश्नाला जागे व्हावे अशी अपेक्षा आहे. केबलने दोन-अडीच डेसिबल गिळले की कानही तेवढेच जड होतात, आणि ट्रान्समीटर कितीही दमदार असला तरी जो प्रश्न ऐकूच आला नाही त्याचे उत्तर तो देत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत धोक्याचा आहे : ‘‘एक डेसिबलने पल्ला किती कमी होतो? दहा-अकरा टक्के. रडार शंभर मैलांवरून बघते, नव्वदवरून बघेल.’’ गणित बिनचूक आहे. मोकळ्या अवकाशात एक डेसिबल गेल्यावर पल्ला सुमारे ११ टक्के घटतो, दोन डेसिबलने २० टक्के. पण हे गणित सपाट, सरळ उडणाऱ्या विमानाचे आहे. ग्लायडर तसे उडत नाही. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, ते चाळीस-पंचेचाळीस अंश कलून मिनिटामागून मिनिटे घिरट्या घालते. अँटेना पोटाखाली. प्रत्येक फेरीत कधी पंख, कधी फ्यूजलाज तिच्या आणि समोरच्या विमानाच्या मध्ये येते. आधुनिक ग्लायडर बरेचसे कार्बनचे असते, आणि कार्बन या लहरींना आरपार जाऊ देत नाही. अशा क्षणी सिग्नल कित्येक डेसिबलने आपोआप पडलेला असतो. राखीव शक्ती असते ती याच क्षणांसाठी. सरळ उड्डाणात ती लागत नाही, म्हणून ती अनावश्यक आहे असे ठरवणे म्हणजे जी गोष्ट कठीण वेळेसाठी ठेवली तिची परीक्षा सोप्या वेळी घेणे.

आणि पाहणारे फक्त जमिनीवरचे रडार नसते. प्रवासी आणि व्यावसायिक जेटमधली टीकॅस यंत्रणा ग्लायडरच्या ट्रान्सपाँडरला थेट प्रश्न विचारते आणि मिळालेल्या उत्तरांवरून वैमानिकाला इशारा देते. धडकेच्या आधी साधारण २० ते ४८ सेकंद पहिला इशारा, १५ ते ३५ सेकंद आधी ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ हा आदेश. उत्तर नाही, तर इशारा नाही. त्या सेकंदांत ग्लायडर नेमके कललेले असेल, तर पल्ल्याचे शंभर आणि नव्वद मैल बाजूला राहतात. समोरच्या यंत्राला सलग, विश्वासार्ह उत्तरे मिळतात की नाही एवढेच उरते.

यात कल्पनाविलास नाही. २८ ऑगस्ट २००६ रोजी नेवाडातल्या स्मिथ गावाजवळ, रीनोकडे उतरत असलेले हॉकर ८००एक्सपी हे बिझनेस जेट आणि एएसजी २९ जातीचे ग्लायडर सुमारे १६,००० फुटांवर एकमेकांवर आदळले. ग्लायडरच्या वैमानिकाने पॅराशूटने उडी घेतली. जेटच्या नाकाचा चुराडा झाला, तरी वैमानिकांनी ते चाके न उघडताच कार्सन सिटीला उतरवले. कोणीही दगावले नाही, हे नशीब. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर बसवलेला होता. तो बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, ट्रान्सपाँडर न वापरणे आणि दोन विमाने एकमेकांकडे येण्याचा प्रचंड वेग या दोन्हींवर बोट ठेवले. २००८ मध्ये ग्लायडरना ट्रान्सपाँडरच्या सक्तीतून मिळणारी सूट काढून टाकावी, अशी शिफारसही या मंडळाने केली.

हा अपघात केबलमुळे झाला नव्हता, आणि तसे भासवणे अप्रामाणिक ठरेल. पण त्यातला धडा केबललाही लागू आहे. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोरीने वर चढणारे ग्लायडर ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे, की त्यात वीज तयार करणारे इंजिन नसते. जी काही वीज, ती बॅटरीत साठवलेली. त्या तुटपुंज्या विजेतून ट्रान्सपाँडर जो सिग्नल तयार करतो, त्यातला चाळीस टक्के भाग केबलमध्ये उष्णता म्हणून विरून जाऊ देणे ही बेहिशेबी उधळपट्टी आहे. बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याचा मोह जिथे होतो, तिथेच फुकट मिळणारे डेसिबल आपण टाकून देतो.

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ‘आरजी ५८ नको’ एवढे पटलेला माणूस चटकन म्हणतो : ‘‘आरजी ४०० लावा, प्रश्न मिटला.’’ प्रश्न मिटत नाही. आरजी ४०० ला लॉस कमी असतो हा समज सर्वदूर आहे, आणि तो अर्धवट आहे. या वारंवारतेला तिचा लॉस मीटरमागे ०.५ ते ०.६ डेसिबल धरतात. आरजी ५८ पेक्षा थोडा कमी, बस. तीन मीटरला कनेक्टरांसह १.९ डेसिबल होतात आणि १३० वॅटचे ८४ उरतात. दीड डेसिबलची मर्यादा घालणाऱ्या पुस्तिकेत तीन मीटर आरजी ४०० सुद्धा बसत नाही.

मग आरजी ४०० कशासाठी घ्यायची? दुसऱ्या कारणांसाठी, आणि ती कारणे भक्कम आहेत. या दोन केबली शेजारी ठेवून ब्लेडने सोलून पाहाव्यात. आरजी ५८ मध्ये वरचे पीव्हीसी, त्याखाली कलई केलेल्या तांब्याची एकेरी जाळी, मध्ये पॉलिथिन. आरजी ४०० मध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दोन जाळ्या, एकीवर एक. मध्ये पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो ते. मधली तारही चांदीच्या मुलाम्याच्या अनेक बारीक तारांची. सोल्डरिंग आयर्न टेकवली की पॉलिथिन मऊ पडते आणि मधली तार केंद्रापासून सरकू शकते. पीटीएफईला त्याचे काही वाटत नाही. ते दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. उन्हात उभ्या केलेल्या ग्लायडरच्या बंद कॅनोपीखाली काय तापमान होते हे ज्याने सीटचा पट्टा हाताने उचलला आहे त्याला सांगावे लागत नाही. घट्ट वळणात तापलेले पॉलिथिन वर्षानुवर्षे दबत राहते.

दुहेरी जाळीचे महत्त्व आणखी वेगळे. ग्लायडरचे पॅनल म्हणजे हातभर जागेत रेडिओ, चढ-उताराचा वेग दाखवणारा इलेक्ट्रिक व्हेरिओ, जीपीएसचा लॉगर आणि धडकेचा इशारा देणारे फ्लार्म. त्यांच्या मधून शंभर वॅटच्या ठोक्यांची केबल जाते. एकेरी जाळीतून थोडी जरी गळती झाली तरी ती हेडसेटमध्ये टिकटिक म्हणून किंवा व्हेरिओच्या विचित्र हालचाली म्हणून पुढे येते, आणि मग दोष बिचाऱ्या व्हेरिओला दिला जातो. आगीचाही मुद्दा आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडते. कॉकपिटमध्ये वैमानिक त्या धुरासोबत बंद असतो.

याच्या उलट टोकाला ‘जाड केबल म्हणजे उत्तम केबल’ मानणारे आहेत. एलएमआर ४०० चा लॉस मीटरमागे जेमतेम ०.१४ डेसिबल, यात वाद नाही. पण ती दहा मिलिमीटर जाडीची, आतून एकसंध तारेची ताठ केबल आहे. ग्लायडरच्या नाकात तिला वळवायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिचे वजन आणि ताठपणा यंत्राच्या छोट्याशा कनेक्टरवर येतो आणि प्रत्येक उतरणीच्या धक्क्याला तो हलतो. मधला मार्ग एलएमआर २४० सारख्या केबलींचा : मीटरमागे सुमारे ०.२७ डेसिबल. तीन मीटरला कनेक्टरांसह साधारण १.१ डेसिबल, अँटेनाला १०१ वॅट. आकडे चांगले आहेत. मात्र आगीला तोंड देणाऱ्या आवरणाचा प्रकार मागून घ्यावा लागतो, फोमचे इन्सुलेशन चिरडू द्यायचे नसते, आणि वळणाची त्रिज्या पाळावी लागते.

टीव्हीच्या केबलचाही एक पक्ष आहे, आणि त्याचे गणित ऐकून माणूस चकित होतो. डिशची ७५ ओहमची आरजी ६ कागदावर आरजी ५८ पेक्षा कमी लॉस देते. ५० आणि ७५ ओहमची गाठ घातल्याने परत फिरणारी शक्तीही चार टक्क्यांच्या आसपासच. मग हरकत का? हरकत कनेक्टरशी आहे. तिचे शिल्ड बहुधा ॲल्युमिनियमची फॉइल आणि विरळ जाळी यांचे असते. ॲल्युमिनियमला सोल्डर बसत नाही, विमानाच्या बीएनसी किंवा टीएनसी कनेक्टरचे माप तिला जुळत नाही, आणि जे काही जुगाड करून जुळवले जाते ते कंपनाने सैल होते. प्रयोगशाळेच्या टेबलावर ती चालेल. विंचच्या धक्क्यात आणि गवताळ धावपट्टीवर वर्षभर चालेल असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

आणखी एक जुनी समजूत इथेच निकालात काढावी : केबल पाव तरंगलांबीच्या पटीत कापली पाहिजे. हवेत १,०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर, पीटीएफईच्या केबलमध्ये साधारण १९. अँटेना ५० ओहमला नीट जुळलेली असेल तर केबलच्या लांबीला असे कोणतेही जादुई माप नसते. जुळलेली नसेल, तर उपाय अँटेनाच्या ग्राउंड प्लेनवर करायचा. केबल कापून आजार लपवायचा नाही.

मग निवड करायची कशी? केबलच्या नावापासून सुरुवात न करता लांबीपासून करावी. आजच्या अनेक ट्रान्सपाँडरमध्ये पॅनलवरचे नियंत्रण छोटे आणि मुख्य डबा वेगळा असतो. टीटी २१ आणि टीटी २२ अशाच बनावटीचे आहेत. तो डबा पॅनलमागे कोंबण्याची सक्ती नाही. तो अँटेनाजवळ, चाकामागच्या जागेत बसवला तर पुढे जाते ती साध्या वायरींची जुडी, आणि अँटेनाची केबल उरते एक मीटर. एक मीटर आरजी ४०० कनेक्टरांसह ०.८ डेसिबल खाते आणि १०८ वॅट अँटेनाला देते. तीन मीटर महागड्या लो-लॉस केबलपेक्षा जास्त, शिवाय टेफ्लॉन आणि दुहेरी जाळीचे सगळे फायदे शाबूत. डब्याला वारा आणि दुरुस्तीसाठी वाट मिळते ना, आणि वजनाचा तोल बिघडत नाही ना, एवढे पाहिले की झाले.

दुसरे पाऊल कनेक्टरचे. आरजी ४०० साठी बनवलेलाच कनेक्टर घ्यावा. एकेरी जाळीसाठी केलेल्या कनेक्टरची बाही दुहेरी जाळीवर धड बसत नाही. पक्कड योग्य मापाच्या डायची हवी. जाळीची एक तार जरी मधल्या पिनकडे वळली तरी सगळे मुसळ केरात. क्रिंप झाल्यावर कनेक्टर ओढून पाहावा, फिरवून पाहावा. जरा जरी हलला तरी कापून पुन्हा करावा.

तिसरे पाऊल मोजण्याचे. हातात मावणारे व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर आता हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहेत. केबलचे दूरचे टोक मोकळे सोडून १,०९० मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस मोजायचा. येणाऱ्या आकड्याचा निम्मा म्हणजे एकेरी लॉस. पाच मिनिटांत कळते की कागदावरचे १.९ प्रत्यक्षात १.९ आहेत की तीन. अमेरिकेत ट्रान्सपाँडरची तपासणी दर २४ महिन्यांनी करावी लागते. त्या वेळी तंत्रज्ञाला नुसते ‘पास की नापास’ विचारू नये. अँटेनाशी किती वॅट मिळाले आणि किती क्षीण प्रश्नाला उत्तर आले, हे आकडे मागून वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला ते घसरले असतील तर पहिला संशय कनेक्टरवर घ्यावा.

राहिला खर्चाचा मुद्दा, कारण ‘उरलेली केबल वापरा’ या सल्ल्याच्या मुळाशी बहुतेकदा तोच असतो. ट्रान्सपाँडरला हजारो डॉलर लागतात. एक-दोन मीटर चांगली केबल आणि दोन नेमके कनेक्टर यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. एवढ्या रकमेची काटकसर करून त्या यंत्राची चाळीस टक्के शक्ती वाटेत सोडून द्यायची, याला काटकसर म्हणता येणार नाही.

ग्लायडरवाल्यांना सूट हवी असते. सक्ती नको, आमच्या विवेकावर सोडा, असे ते सरकारला सांगतात, आणि त्यांच्या स्वातंत्र्याविषयी मला पूर्ण आस्था आहे. पण जी गोष्ट विवेकावर सोडली जाते ती जास्त काटेकोरपणे करावी लागते. ट्रान्सपाँडर ज्याच्यासाठी बसवायचा तो माणूस ग्लायडरमध्ये नसतो. तो समोरून येणाऱ्या विमानात खिडकीपाशी बसलेला असतो आणि त्याला या केबलविषयी काही विचारण्याची सोय नसते. म्हणून हा निर्णय हँगरमधल्या सवयीवर सोडू नका. केबलची खरी वाट टेपने मोजा, डेसिबलची बेरीज करा, बेरीज मर्यादेबाहेर गेली तर डबा हलवा किंवा केबल बदला, आणि बसवल्यावर पुन्हा मोजा. एवढे केल्यावर जी केबल उरेल तीच योग्य केबल. तिच्यावर नाव कोणते छापले आहे हा नंतरचा प्रश्न.